म्हशीनं काय वळखिलं

“गाणं झकास आलं, आजी,” देशमाने म्हणाले. “आता मला त्याचा अर्थ सांगा.”

त्यांनी बटण दाबलं, तशा टेपरेकॉर्डरवरच्या दोन्ही चकत्या फिरायच्या थांबल्या. आत्याबाई गोठ्याच्या उंबऱ्यावर बसल्या होत्या. दोन्ही गुडघ्यांत धारेची चरवी धरलेली. चरवी रिकामीच होती, पण ती धरल्याशिवाय गाणं तोंडात येत नाही असं त्यांनी आधीच सांगून टाकलं होतं.

“अर्थ?” त्या हसल्या. “अवो, धार काढताना म्हणायचं गाणं हाय ते. म्हस उभी ऱ्हावी, पान्हा सोडावा, म्हणून म्हणायचं. सुनंला इचारा. ती मॅट्रिक झालीया.”

आणि त्यांनी माझ्याकडं बोट केलं. मी गव्हाणीत कडबा टाकत होते.

देशमाने रेडिओवरचे. त्या काळात, म्हणजे बाहत्तर-त्र्याहत्तर साली, गावोगाव फिरून बायकांची गाणी टेप करायचं काम त्यांच्याकडं होतं. कोल्हापुरात म्हशी चौकातल्या कट्ट्यावर आणून गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढून द्यायची पद्धत आहे. माझे यजमान बसवंत रोज दोन म्हशी घेऊन कट्ट्यावर उभे राहायचे, आणि देशमाने तिथं दूध प्यायला यायचे. बोलता बोलता आमच्या आत्याबाईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या गाण्याचा विषय निघाला आणि त्या दुपारी हे गृहस्थ यंत्र खांद्याला लावून थेट गोठ्यात आले.

गाणं असं होतं:

रेडकू ग मेलं, म्हस रेकूनिया येडी
गवळ्यानं बाई त्याची सोलिली कातडी
कातड्यात पेंढा, वर घातली शिवण
म्हशीपुढं उभं केलं दाव्याला बांधून
चाटता ग चाटता म्हशीनं वळखिलं
वळखून बाई तिनं दूध सोडिलं
दूध ग सोडिलं, चरवी ती भरली
कुणाच्या लेकराची भूक ग सरली

मला बोलायचं नव्हतं. पण देशमाने वही न काढता, घाई न करता नुसते वाट बघत उभे राहिले. मी हातातली पेंढी खाली ठेवली.

“यात सांगण्यासारखं काय आहे?” मी म्हणाले. “रेडकू मेलं, म्हैस दूध देईना. मग गवळ्यानं त्याच रेडकाची कातडी काढली, पेंढा भरला, शिवलं आणि तिच्यापुढं उभं केलं. तिनं चाटलं. वेडीला वाटलं, आपलंच लेकरू. दूध सोडलं. ते दूध दुसऱ्याच कुणाच्या लेकराच्या पोटात गेलं. फसवणुकीचं गाणं आहे, साहेब.”

“हं.” त्यांनी मान हलवली. “म्हणजे ‘वळखिलं’ म्हणजे आपलं आहे असं ओळखलं?”

“दुसरं काय असणार?”

“नाही, काय ओळखलं ते गाण्यात म्हटलेलं नाही. म्हणून विचारलं. आजी, तुमचं काय म्हणणं?”

“माझी आई म्हणायची तसं मी म्हनते बाबा,” आत्याबाई म्हणाल्या. “तिनं मला काय सांगितलं न्हाई, आन् मीबी इचारलं न्हाई. मागं म्हशी असायच्या पंधरा. कवा इचारायचं?”

देशमान्यांची नजर माझ्या खांद्यावरून मागं गेली आणि तिथंच अडकली. गोठ्याच्या भिंतीला खुंटीवर एक पेंढा भरलेलं रेडकू टांगलेलं होतं. आमच्या हौशीचं. हगवण लागून ते दगावलं तेव्हा हौशीनं दोन दिवस कुणाला कासेला हात लावू दिला नव्हता. मग बसवंतांनी ओळखीच्या माणसाकडून हे शिवून आणलं. डोळ्यांच्या जागी नुसती भोकं, पाय काठीसारखे ताठ. धारेच्या वेळी ते हौशीच्या तोंडापुढं उभं करायचं, आणि धार झाली की पुन्हा खुंटीला.

“हे ते?” देशमान्यांनी हळू विचारलं.

“हेच ते.”

तेवढ्यात घरातून बाळाच्या रडण्याचा आवाज आला आणि त्यांचा चेहरा खुलला. “अरे वा, घरात तान्हं बाळ आहे वाटतं. तुमचं?”

“लेकीचं,” आत्याबाई घाईनं म्हणाल्या. “बाळंतपणाला आलीया.”

मी पुन्हा पेंढी उचलली आणि सोडायला लागले.

जाण्याआधी देशमान्यांनी टेप लावून बघितली. शेवटच्या ओळीवर रस्त्यावरच्या ट्रकचा भोंगा बरोबर बसला होता. ते हळहळले. पुढच्या आठवड्यात परत येतो, पुन्हा एकदा म्हणा, असं सांगून गेले.

*

माझं बाळ माहेरी, इचलकरंजीला झालं होतं. मुलगा. बारसं झालं, नाव ठेवलं, आणि एका सकाळी तो उठलाच नाही. डॉक्टरांनी कसलंसं नाव सांगितलं. ते मी लक्षात ठेवलं नाही. वडील म्हणाले, आणखी थोडे दिवस राहा. पण तिथं प्रत्येक वस्तू त्याच्यासाठी म्हणून जागची हललेली होती. मी राहू शकले नाही. बसवंत न्यायला आले आणि मी सासरी आले.

सासरी कस्तुरीताई होत्या. माझी नणंद. त्यांचे यजमान लष्करात, दूर पंजाबात, म्हणून पहिल्याप्रमाणे याही बाळंतपणाला त्या आईकडंच आल्या होत्या. पहिलं मूल त्यांचं पोटातच गेलेलं. या वेळी मुलगी झाली होती, चांगली गुटगुटीत.

आल्या दिवशी मी हातपाय धुतले आणि बाळंतिणीच्या खोलीत गेले. खरं सांगते, मला बघायचं होतं. दुसऱ्याचं का होईना, श्वास घेणारं बाळ बघायचं होतं. कस्तुरीताई बाजेवर बसल्या होत्या, बाळ मांडीवर. मी दारात उभी राहिले, तशी त्यांनी पदर ओढला आणि बाळाचं तोंड झाकलं. रागानं नाही. अंगणावर घार आली की कोंबडी पिलांवर पंख धरते, तसं, आपसूक. पण पदर सारखा करून झाल्यावरही त्यांनी तो काढला नाही आणि माझ्याकडं बघितलंही नाही.

आत्याबाई मागंच होत्या. त्यांनी बघितलं. क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, “सरोज, हौशीला वैरण घाल जा.”

त्या दिवसापासून मी त्या खोलीत पाऊल टाकलं नाही. कुणी टाक म्हटलंही नाही.

दूध मात्र आटलं नव्हतं. शेजारच्या काकूंनी मोगऱ्याच्या कळ्या छातीशी बांधायला सांगितल्या. मी बांधायचे. कळ्या सुकायच्या, दूध तसंच. मग न्हाणीत जाऊन दाबून काढायचं, मोरीत सोडायचं आणि वरून तांब्याभर पाणी ओतायचं. कुणाला कळत नाही असं मला वाटत होतं. पण एकदा आत्याबाई मोरीच्या तोंडाशी वाकून बघत होत्या. तिथं मुंग्यांची रांग लागली होती. त्यांनी राखेची चिमूट टाकली आणि निघून गेल्या.

*

देशमाने आले त्याच संध्याकाळी कस्तुरीताईंना थंडी वाजून ताप भरला. दुसऱ्या दिवशी तो उतरेना, तिसऱ्या दिवशी त्या बडबडायला लागल्या. बसवंतांनी टांगा आणला. दवाखान्यात टायफॉइड निघाला. तापाच्या वॉर्डात बाळाला ठेवून घेईनात, आणि आईचं दूध पाजायचं नाही असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं.

बाळ घरी राहिलं. आत्याबाईंनी म्हशीच्या दुधात पाणी घालून, उकळून, चमच्यानं पाजून बघितलं. ओकून टाकलं. मग दुकानातला डबा आणला. तोही पोटात ठरेना. हगवण लागली. डॉक्टरीणबाईंनी औषध दिलं आणि म्हणाल्या, “थोडं थोडं देत राहा. ओळखीत कुणी पाजणारी बाई असली तर बघा.”

ओळखीत पाजणारी बाई आमच्याच घरात होती. हे आम्हा सगळ्यांनाच माहीत होतं.

आत्याबाई माझ्याशी त्याबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत. स्वयंपाकघरात मी भाकरी थापत असताना बसवंतच बोलले.

“सरोज, एक विचारू?”

“विचारा.”

“बाळाला काही पचत नाही.”

“ऐकलं मी.”

“तू जर तिला घेतलंस...” ते ताटाकडं बघत बोलत होते. “म्हणजे तिचंही भागेल, आणि तुझंही मन रमेल. मांडीवर काहीतरी असलं की माणसाला जरा... आपलंच आहे असं वाटतं.”

मी तव्यावरची भाकरी उलटली.

“म्हणजे माझ्यापुढं पेंढ्याचं रेडकू उभं करताय,” मी म्हणाले.

त्यांना आधी कळलं नाही. मग कळलं. त्यांचा चेहरा असा झाला की मला वाईट वाटलं, पण मी शब्द मागं घेतला नाही. उलट आणखी बोलले.

“ज्या बाळावर माझी नजर पडू नये म्हणून पदर घातला, त्याला मी पाजायचं? आणि वर मला बरं वाटेल म्हणून पाजायचं? मला नाही बरं वाटून घ्यायचं.”

“नको तर नको,” ते म्हणाले. “मी पुन्हा म्हणणार नाही.”

आणि म्हणाले नाहीत. त्या माणसाचं हेच होतं. एकदा बोललं की बोललं. हातातला घास त्यांनी ताटात ठेवला आणि म्हशी सोडायला गेले.

पुढचे दोन दिवस मी कामात डोकं घालून काढले. शेण उचललं, गोठा धुतला, सरकी भिजत घातली, कपड्यांचे ढीग धुतले. बाळाचं रडणं घरभर ऐकू यायचं. आधी ते रडणं चांगलं खणखणीत होतं. मग बारीक झालं. बारीक झालं ते मला जास्त ऐकू यायला लागलं. बाळ रडलं की माझी चोळी भिजायची. अंगाला बुद्धी नसते. ते हाकेला ओ देतं, हाक कुणाची ते बघत नाही. मी पदर लपेटून घ्यायचे आणि पुन्हा कामाला लागायचे. मला माझ्या अंगाचाच राग यायचा. हौशीसारखं आहे हे, मी मनात म्हणायचे. चाटायला काहीही द्या, सोडतंय.

*

त्या दिवशी उजाडताना बसवंत दवाखान्यात चहा घेऊन गेले होते, म्हणून धारेला हाताखाली मी होते. आत्याबाई रात्रभर बाळाला घेऊन बसल्या होत्या. डोळे लाल, अंबाडा सुटलेला. बाळ आत नुकतंच निजलं होतं. त्यांनी चरवी घेतली आणि हौशीच्या कासेशी बसल्या. मी खुंटीवरचं रेडकू काढून हौशीच्या तोंडापुढं उभं केलं.

हौशीनं चाटायला सुरुवात केली. कान, मान, पाठ. तिची जीभ फिरत फिरत पोटाकडं गेली. आणि तिथं शिवण उसवलेली होती. मला ते आधी दिसलं नव्हतं. रोज चाटून चाटून दोरा कुजला असावा. जिभेबरोबर पेंढ्याची एक काडी बाहेर आली. मग चार काड्या. हौशीनं त्या तोंडात घेतल्या आणि चावायला लागली.

मी बघत राहिले. तिनं पुन्हा तोंड घातलं, घासभर पेंढा ओढला आणि डोळे अर्धे मिटून शांतपणे रवंथ करावा तसा चावत राहिली. मग पुन्हा त्या पाठीवरून जीभ फिरवली. मग पुन्हा पेंढा. रेडकाचं पोट बसत चाललं होतं.

आता ती उधळणार, असं मला वाटलं. लाथ मारणार, दूध कासेत चोरून धरणार. मी आत्याबाईंना सावध करायला तोंड उघडलं. पण चरवीत धारेचा आवाज चालूच होता. भरभरून, एका लयीत. फेस काठापर्यंत आला होता.

“आत्याबाई,” मी म्हणाले, “ती पेंढा खातेय.”

त्यांनी म्हशीच्या पोटाला टेकवलेलं डोकं उचलून बघितलं. “शिवण गेली व्हय? बसवंताला सांगाय पायजे.”

“अहो, तिला कळलंय. हे तिचं नाही, हे तिला कळलंय.”

“आसंल.”

“मग दूध का देतेय?”

“मला काय ठावं?” आत्याबाई थकलेल्या आवाजात म्हणाल्या. “देतीया, ती देतीया. मी घेतीया.”

एवढंच. त्यांनी पुन्हा डोकं टेकवलं. त्या गात नव्हत्या त्या दिवशी, त्यांच्या अंगात त्राण नव्हतं. पण मला ते गाणं शब्दन् शब्द आठवलं. चाटता चाटता तिनं वळखिलं, असं आहे. फसली, असं नाही. भुलली, असंही नाही. आणि पुढची ओळ ‘वळखून’ अशीच सुरू होते. ओळखून, मग दूध सोडलं. मी मॅट्रिकला मराठीत चांगले गुण मिळवले होते, आणि तरी देशमान्यांनी विचारल्यावर मी ती ओळ माझ्या दुःखाच्या डोळ्यांनी वाचली होती.

हौशीला पहिल्याच दिवशी कळलं असेल का? वासावरून? मला नाही सांगता येणार. जनावराच्या मनात शिरून बघणारी मी कोण? पण तिच्या तोंडात पेंढा होता आणि तिच्या कासेतून दूध येत होतं, एवढं मी माझ्या डोळ्यांनी बघत होते. तिला कुणी भुलवलं नव्हतं.

आत बाळ उठलं. रडलं नाही, नुसतं कण्हल्यासारखं केलं.

आत्याबाईंनी उठायला जमिनीवर हात टेकला. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

“तुम्ही धार पुरी करा. मी बघते.”

त्या माझ्याकडं वर बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “सरोज, तुला मी म्हननार न्हवते. माझं पोर मरत असतं तरी तुला म्हननार न्हवते. पदर घातला तिनं तवा मी तुला वैरण घालाय धाडलं. तिला बोलाय पायजे होतं. म्या बोलले न्हाई.”

“ते राहू द्या आता,” मी म्हणाले. “फक्त एक ऐका. ती माझी आहे, असं कुणी मला म्हणायचं नाही. तुझं परत आलं, असं म्हणायचं नाही. आणि कस्तुरीताईंपासून लपवायचं नाही. हे परत आले की त्यांना आजच पुन्हा दवाखान्यात जाऊन सांगायला लावा.”

“न्हाई म्हननार,” त्या म्हणाल्या. “कुनी न्हाई म्हननार.”

मी हात धुतले आणि त्या खोलीत गेले.

बाळ बाजेवर होतं, दुपट्यात गुंडाळलेलं. टाळू खोल गेली होती, ओठ कोरडे. मी त्याच्याकडं नीट बघितलं, कारण मला फसायचं नव्हतं. नाक कस्तुरीताईंचं. भुवया आमच्या घरातल्या. माझ्या मुलाचा कान एका बाजूनं जरासा दुमडलेला होता. हिचे दोन्ही कान सरळ होते. तू तो नाहीस, मी तिला मोठ्यानं सांगितलं. तिला मांडीवर घेतलं. आधी तिला ओढताच येईना, जोर नव्हता. मी बोटानं थेंब तिच्या ओठावर लावला. दुसरा लावला. मग तिनं धरलं.

मी रडले नाही. खूप दुखलं, कारण दाबून काढूनही दूध तुंबून राहिलेलं होतं. मग दुखायचं थांबलं. दारात आत्याबाई चरवी घेऊन उभ्या होत्या. त्या आत आल्या नाहीत, आणि गेल्याही नाहीत.

*

बसवंतांनी दवाखान्यात सांगितलं तेव्हा कस्तुरीताईंचा ताप चढलेला होता. त्यांनी ऐकून घेतलं आणि भिंतीकडं तोंड केलं. “काय म्हणाल्या?” मी विचारलं. “काहीच नाही,” ते म्हणाले. मी पाजत राहिले.

बाळाची हगवण थांबली. मांड्यांवरच्या सुरकुत्या भरल्या. रडणं पुन्हा खणखणीत झालं.

देशमाने आठवड्यानं येणार होते, ते पंधरवड्यानं आले, त्यांना खोकला झाला होता. आत्याबाईंनी पुन्हा गाणं म्हटलं. या वेळी ट्रक आला नाही. बाळ माझ्या मांडीवर होतं. देशमान्यांनी बाळाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि मागच्या वेळचा ‘तुमचं?’ हा प्रश्न पुन्हा विचारला नाही. बहुधा बसवंतांनी कट्ट्यावर काहीतरी सांगितलं असावं.

“साहेब,” मीच म्हणाले, “त्या दिवशी मी सांगितलेला अर्थ तुम्ही लिहून घेतला असेल.”

“घेतला. कार्यक्रमात गाण्याआधी दोन वाक्यं सांगायची असतात.”

“तो बदलता येईल?”

“काय करायचं?”

मला मोठं वाक्य सुचेना. “म्हैस फसली, असं म्हणू नका,” मी म्हणाले. “तिनं पेंढा ओळखला. ओळखून दूध दिलं. गाणं तिच्या दुःखाचं आहेच, पण ती मूर्ख नाही.”

त्यांनी वही काढली. “पण गवळ्यानं कातडी सोलली, ते आहेच की. तिच्या दुःखाचा त्यानं वापरच केला ना?”

“केला. ते खरंच आहे. ते खोडू नका.”

“मग दोन्ही सांगू?”

“दोन्ही सांगा.”

“आन् त्याच्या म्होरं चांगलं वाजवून दावा म्हंजे झालं,” आत्याबाई म्हणाल्या. “लोकांना अर्थ नगं आसतो, गानं पायजे आसतं.”

देशमाने खो खो हसले आणि हसता हसता खोकले. कार्यक्रम लागला तेव्हा आमच्याकडं रेडिओ नव्हता. शेजारच्या काकूंच्या खिडकीशी उभं राहून आम्ही ऐकला. त्यांनी खरंच दोन्ही सांगितलं.

*

कस्तुरीताई घरी आल्या तेव्हा ओळखू येत नव्हत्या. केस गळलेले, हाताच्या काड्या. टांग्यातून उतरताना बसवंतांनी त्यांना जवळजवळ उचलूनच आणलं. त्यांचं दूध केव्हाच आटलं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, आता येणार नाही.

पहिले दोन-तीन दिवस आम्ही एकमेकींशी कामापुरतंच बोललो. मी बाळाला पाजायचे, पुसायचे, आणि त्यांच्या बाजेवर त्यांच्या कुशीत नेऊन ठेवायचे. ठेवून लगेच बाहेर यायचे. त्या मला थांब म्हणायच्या नाहीत. बाळ त्यांच्याकडं अनोळखी माणसाकडं बघावं तसं बघायचं आणि माझा आवाज आला की मान वळवायचं. तेव्हा मला कुठं बघावं कळायचं नाही. आनंद झाला म्हटलं तर खोटं नाही, पण त्या आनंदाची मला भीती वाटायची. मी आवाज न करता वावरायला लागले. भांडं ठेवतानासुद्धा जपून ठेवायचे.

एका दुपारी आत्याबाई म्हशींबरोबर तळ्याकडं गेल्या होत्या. मी ओसरीवर तांदूळ निवडत होते. आत बाळ रडायला लागलं. कस्तुरीताई तिला थोपटत होत्या, काहीबाही गुणगुणत होत्या, बाजेवर हलत होत्या. रडणं वाढत गेलं. माझे हात थांबले, पण मी उठले नाही. बोलावल्याशिवाय जायचं नाही, असं मी ठरवून टाकलं होतं.

“वहिनी,” आतून हाक आली. “इकडं ये.”

मी दारात गेले. कस्तुरीताई बाळाला छातीशी धरून बसल्या होत्या. डोळ्यांतून पाणी चाललं होतं, पण ते पुसायला हात मोकळा नव्हता. मला वाटलं, आता त्या बाळाला माझ्याकडं देणार. मी हात पुढं केले.

त्यांनी दिलं नाही.

“हे रडणं कसलं?” त्यांनी विचारलं. “भुकेचं, का झोपेचं, का पोटात दुखतंय? मला कळत नाही. माझ्या पोरीचं रडणं मला कळत नाही. तुला येतं ना कळायला?”

“येतं.”

“मग सांग मला. एकेक करून सांग. मला शिकव.”

मी आत गेले. बाजेच्या कडेला, त्यांच्या शेजारी बसले. बाळाचं रडणं दोघीही ऐकत राहिलो. ते मधेच थांबायचं, एक उचकी यायची, आणि पुन्हा वरच्या पट्टीत सुरू व्हायचं.

“मधे थांबतेय बघा,” मी म्हणाले. “ही भूक नाही. भूक असती तर थांबली नसती, आणि मूठ तोंडात घातली असती. हिला झोप आलीय आणि झोपायचं नाहीये. खांद्यावर घ्या. नाही, असं नाही, जरा वर. तिचं कपाळ तुमच्या मानेला लागू द्या.”

त्यांनी तसं घेतलं. रडणं हळूहळू सैल झालं.